चेरीखालची गौर

अगं, ते हरभरे आधी मोठ्या पातेल्यात घाल बाई, मग बोल. पाणी चांगलं चार बोटं वर राहू दे, सकाळपर्यंत दुप्पट फुगतात ते. आणि ती हिरवी सफरचंदं इकडे दे. हसतेस काय? आता इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या मिळतात हे मलाही ठाऊक आहे. पण आंब्याच्या डाळीत एक तरी हिरवं सफरचंद किसल्याशिवाय माझं चैत्रातलं हळदीकुंकू पुरं होत नाही.

सकाळी तू बेसमेंटमधून वर आलीस आणि म्हणालीस, "काकू, उद्या आम्ही कॉलेजच्या मुली नदीवर चेरी बघायला चाललोय, तुम्ही पण चला ना." आणि मी तुझ्यावर एकदम खेकसले. सॉरी गं. तुझी काही चूक नव्हती. मी उद्या जाणारच आहे नदीवर, पण एकटी आणि तुमच्या आधी. तुम्ही दुपारी जा, खुशाल रील्स काढा. फक्त बाकाजवळच्या त्या वाकड्या झाडाखाली चटई टाकू नका. एवढं माझं ऐक.

का म्हणून तू विचारणारच. भाडेकरू म्हणून येऊन दोन महिने झाले नाहीत, पण तुझा स्वभाव मला कळलाय. मग बस इथे स्टुलावर. तो ओट्यावरचा दिवा लाव, पावसानं भर दुपारी काळोख करून ठेवलाय. हे बाहेर हॉलमध्ये हॉकी बघतायत. कानातलं मशीन चार्जिंगला लावलंय, त्यांना काही ऐकू जायचं नाही. जाऊ नये असंच आहे ते.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही परदेशात, ह्या किचनर गावात आलो तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. ह्यांना मशीनच्या कारखान्यात नोकरी, आणि मी दिवसभर एकटी, एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून काय दिसायचं, तर पार्किंग आणि बर्फ. मिरजेच्या माणसाला काय माहीत बर्फ! मी रडायची, आणि ह्यांची घरी यायची वेळ झाली की तोंड धुऊन बसायची. एक दिवस लिफ्टमध्ये शिरले आणि नाकात हिंगाच्या फोडणीचा वास घुसला. तुला सांगते साक्षी, मी माझ्या मजल्यावर उतरलेच नाही. मी तशीच त्या वासामागून चौथ्या मजल्यावर गेले, कॉरिडॉरमधून एकेका दाराशी नाक लावत. शेवटी एक दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण?" मराठीत! मी म्हटलं, "तुमच्या फोडणीच्या वासावर आलेय." दार उघडलं. ती विजयालक्ष्मी. कोल्हापूरची. हातात झारा, कपाळाला हे एवढं ठसठशीत कुंकू. म्हणाली, "आत ये आधी, दार उघडं राहिलं तर अलार्म वाजतो."

तेव्हापासून ती विजू आणि मी शुभी. बहिणी नव्हतो एवढंच.

पहिल्या चैत्रात तिनंच काढलं, हळदीकुंकू करायचं. आता करायचं कुठे? दहा बायका बसतील एवढं घर दोघींपैकी कुणाचंच नाही. विजू म्हणाली, "नदीवर जाऊ. तिथे चेरीची झाडं आहेत, एका ओळीत पन्नास-साठ. एप्रिल सरता सरता फुलतात म्हणे. गौर माहेराला येते ती काय बिल्डिंगमध्ये येणार आहे?" मग काय, निघाली वरात! कैरी मिळेना म्हणून हिरवं सफरचंद किसून डाळ. पन्हं डब्यातल्या आमरसाचं, लिंबू पिळून. ओटीला हरभरे. आणि त्या बाकाजवळच्या वाकड्या झाडाची एक फांदी खाली आलीय ना, तिला विजूनं पितळेचा छोटा झोपाळा टांगला आणि त्यात गौर बसवली. वारा आला की गौरीच्या अंगावर पाकळ्या पडायच्या. पार्कातला एक गोरा माणूस धावत आला, झाडाला काही बांधायचं नाही म्हणून. विजूनं त्याला बसवलं, द्रोण हातात दिला. त्यानं डाळ खाल्ली, दोन ग्लास पन्हं प्यायला आणि जाताना म्हणाला, "हाफ ॲन अवर, ओके?" आम्ही तीन तास बसलो. पुढे दर वर्षी तो यायचा, पन्हं प्यायला.

काय दिवस होते गं ते. दहाच्या वीस बायका झाल्या, वीसच्या चाळीस. मुली मोठ्या झाल्या, इंग्रजीत उत्तरं द्यायला लागल्या. आमच्या रुचाला मी साडी नेसवून न्यायची, ती म्हणायची, "आई, पीपल आर लुकिंग!" विजू तिला म्हणायची, "बघू दे की, फुकट आहे." हळदीकुंकू लावायला मात्र कोयरी एकच, विजूची. चांदीची, तिच्या आईनं दिलेली. झाकण फिरवलं की किर्र असा आवाज यायचा, तो आवाज आला की बायका आपोआप पदर सारखे करायच्या. एका कप्प्यात हळद, एका कप्प्यात कुंकू. विजू एका बाजूनं सुरुवात करायची, मी दुसऱ्या बाजूनं अत्तर.

मग एका जानेवारीत बळवंतराव गेले. विजूचे मिस्टर. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढताना तिथेच बसले, ते उठलेच नाहीत. त्याच महिन्यात ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. एका आठवड्यात दोन्ही. मी विजूकडे जायची, तिचं सगळं करायची, आणि तिथून निघाले की गाडीत बसून देवाला म्हणायची, माझ्या घरी नको. लाज वाटते सांगायला, पण म्हणायची.

मेमध्ये चेरी फुलली. मला वाटलं नव्हतं विजू येईल. पण ती आली, डाळीचा डबा घेऊन, पांढऱ्या-हिरव्या साडीत. कपाळ मोकळं. बायकांनी तिला जागा करून दिली, मग नेहमीसारख्या बोलायला लागल्या. ती ओळीत बसली, मधोमध. कोयरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "शुभे, यंदा तू लाव सगळ्यांना." मी सुरुवात केली. एकेकीला हळद, कुंकू. अशी करत करत विजूपाशी आले...

कशाला खोटं बोलू? कुणी मला काही सांगितलं नव्हतं. कुणी डोळे वटारले नव्हते. नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावायचं नाही, हे आता कोण मानतं! इथल्या निम्म्या पोरींनी तर ते ऐकलंही नसेल. मी स्वतः शिकलेली बाई, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच भांडले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर ह्यांचा तो स्टेंटचा एक्स-रे आला. वाटलं, हे बोट तिला लागलं आणि मग माझ्या कपाळाला लागलं तर... आणि माझा हात तिच्यासमोरून पुढे गेला. पुढच्या बाईकडे.

 विजूनं काय केलं सांगू? मांडी घालून बसली होती ना, तिनं गुडघे एका बाजूला घेतले. मला पुढे जायला वाट व्हावी म्हणून. माझी अडचण होऊ नये म्हणून.

मग तिनं सगळ्यांना डाळ वाढली, नळावर डबा धुतला आणि गेली. कोयरी माझ्याकडेच राहिली.

तिचं घर इथून गाडीनं बारा मिनिटं. साडेतीन वर्षं मी रोज म्हणायची, उद्या कोयरी द्यायला जाते. कोयरी द्यायची म्हणजे बोलावं लागणार. बोलायचं तर काय बोलायचं? मग कोविडच्या त्या वर्षांत सगळंच बंद होतं, ते एक बरं निमित्त मिळालं. ते संपल्यावर दुसरं निमित्त. असं करता करता एका नोव्हेंबरात तिच्या मुलाचा, अनिशचा, फोन आला. तो कॅल्गरीला असतो. म्हणाला, "मावशी, आई गेली. झोपेत." फ्युनरल होममध्ये मी कोयरी पर्समध्ये घेऊन गेले होते. वाटलं, आता तरी तिच्याजवळ ठेवावी. हात होईना. अनिश शेजारी येऊन म्हणाला, "आई ऑलवेज सेड, शुभामावशी येईल. तिच्याकडे माझं काहीतरी आहे." मी मान हलवली आणि पर्स घट्ट धरून घरी आले. नालायकपणा नुसता.

हं, पाणी पी. आता खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

गेल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात ह्यांचं बायपास ठरलं. स्टेंटनं भागेना. सकाळी साडेसातला आत नेलं. जाताना म्हणाले, "माझ्या कानाच्या मशीनचा चार्जर घरी राहिलाय गं, शुद्धीवर आलो की तुम्ही काय बोलताय ते ऐकू यायला हवं." अशा वेळी माणसाला काय सुचेल! मी म्हटलं, आणते. रुचा वेटिंग रूममध्ये लॅपटॉप उघडून बसली होती, पण एक अक्षर टाइप करत नव्हती. म्हणाली, "गो, आई. आय विल कॉल यू. हवा पण लागेल तुला."

घरी आले, चार्जर घेतला. देवापुढे उभी राहिले. आणि देवाच्या कपाटातली कोयरी मी का उचलली ते मला आजही सांगता येणार नाही. रेनकोटच्या खिशात टाकली आणि निघाले. परत हॉस्पिटलला जायचं तर सिग्नलला उजवीकडे वळायचं. मी डावीकडे वळले. डावीकडे नदी.

दहा वाजून गेले होते. पाऊस असा नव्हता, भुरभुर. पार्किंगमध्ये एकही गाडी नाही. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण त्या दिवशी कुत्रं फिरवणारंसुद्धा कुणी नाही. नदीवरून धुकं वर येत होतं आणि चेरी... काय फुलली होती! वर पांढरी, खाली पांढरी, पायवाट कुठली ते कळेना. पाण्याचा आवाज एका बाजूला. मी चालायला लागले. मनात एकच, ह्यांची छाती आत्ता उघडी असेल. हृदय थांबवतात ना गं ते, मशीनवर ठेवतात. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं होतं. मी ते चित्र डोळ्यांपुढून घालवायला झाडं मोजत होते. एक, दोन, तीन...

चौथ्या झाडापाशी हिंगाचा वास आला.

चेरीला वास नसतो हं. म्हणजे असतो, पण फुलाला नाक लावलं तर. हा वास तसला नव्हता. गरम तेलात हिंग पडतो ना, नाकातून डोक्यात जातो, तो. आणि मागून भिजलेल्या हरभऱ्यांचा. मी उभी राहिले. नदीकाठी, पावसात, कोण फोडणी देणार? आणि मग एकतीस वर्षांपूर्वी चालले होते तशीच चालायला लागले. पाय आपले आपण.

वाकडं झाड धुक्यात होतं. त्याच्याखाली गवतावर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. पांढरी-हिरवी साडी.

तुला वाटत असेल मी ओरडले, पळाले. काही नाही. भीती नंतर आली. त्या क्षणी मला काय वाटलं माहितीये? अगंबाई, ही ओल्या गवतावर बसलीय, सर्दी होईल. एवढंच. मी पुढे गेले. आणि पुढून तिला पाहिलं, तेव्हा मात्र जागीच थांबले.

ती गुडघे एका बाजूला घेऊन बसली होती.

तसेच. त्या दिवशी घेतले होते तसेच. जणू त्यानंतर तिनं ते सरळ केलेच नाहीत.

"आलीस?" ती म्हणाली. वर न बघता. आवाज तिचाच, पण हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं असा.

"विजू..."

"बस. इथे कोरडं आहे."

मी बसले. जीन्स, रेनकोट, अशीच. तिथलं गवत खरंच कोरडं होतं. आमच्या चारी बाजूंनी पाऊस पडत होता आणि पाकळ्या पडत होत्या, पण तिच्या अंगावर एक नाही. तिच्याकडे नीट बघायचं धाडस होईना. हात दिसत होते. बांगड्या नव्हत्या. मी खिशातून कोयरी काढली. "ही... द्यायची राहिली होती. विजू, माझं चुकलं गं. मी घाबरले होते..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मीही घाबरायची. ते होते तोवर."

मला रडू फुटलं. नदीकाठी बसून मी ढसाढसा रडले, साठी ओलांडलेली बाई. मग झाकण फिरवलं. किर्र... आणि ती सरळ झाली. पदर सारखा केला. मी हळद लावली, कुंकू लावलं, जे पाच वर्षांपूर्वी लावायला हवं होतं ते. तिचं कपाळ कसं लागलं विचारू नकोस. थंड होतं, फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्यासारखं. तिनं डोळे मिटून घेतले होते. एवढं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, बळवंतराव असतानाही तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

इथेच संपायला हवं होतं, नाही का? पण आपल्यात काय असतं? एकीनं लावलं की दुसरी उलट लावते.

तिनं हात पुढे केला. मी कोयरी तिच्या हातात दिली. तिनं कुंकवात बोट बुडवलं, माझ्या कपाळाजवळ आणलं... आणि थांबली. तिचं बोट माझ्या भुवयांच्या मध्ये, एवढ्या अंतरावर. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुला लावू?" म्हणाली. "... चालेल?"

साक्षी, मी हे रुचाला सांगितलेलं नाही. ह्यांना तर नाहीच. मी लगेच हो म्हटलं नाही. माझं माणूस तिकडे टेबलावर, हृदय थांबलेलं. आणि माझ्यासमोर हे बोट. ते लागलं तर काय होईल? पुन्हा तीच भीती, पाच वर्षांपूर्वीचीच, तेवढीच. मला वाटलं होतं मी बदलले, मी तिला कुंकू लावलं, फिटलं सगळं. कसलं काय! मी श्वास धरून बसले. नदीचा आवाज बंद झाला होता. पाकळ्या पडायच्या थांबल्या होत्या. ती वाट बघत होती. रागावून नाही गं, अगदी शांतपणे. आणि मग मी पाहिलं, तिचे गुडघे हळूच पुन्हा बाजूला वळायला लागले...

"लाव," मी म्हटलं. ओरडलेच. "लाव गं विजू, लाव!"

बोट टेकलं. थंडगार. आणि नदीचा आवाज परत आला.

तिनं झाकण फिरवलं, कोयरी मांडीवर ठेवली. मी उठले. उठताना तोंडातून निघून गेलं, सवयीनं. जाते असं कधी म्हणतो का आपण? म्हटलं, "येते हं."

"ये," ती म्हणाली. "पुढच्या चैत्रात. जागा धरून ठेवते."

मी मागे वळून पाहिलं नाही. गाडीत बसले, घड्याळ बघितलं. दहा सत्तेचाळीस. आरशात बघितलं तर कपाळाला कुंकू. तेव्हा कुठे भीती आली. चावी लागेना. पाच मिनिटांनी जरा जिवात जीव आला तसं वाटलं, मला भास झाला, आपणच लावून घेतलं असेल. परत गेले बघायला. झाडाखाली कुणी नाही. कोयरी नाही. फक्त एका माणसाच्या बसण्याएवढं गवत कोरडं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यावर पाऊस पडायला लागला.

ऑपरेशन छान झालं. सर्जन बाहेर आला, हसत होता. रुचानं मिठी मारली मला. तो म्हणाला, सगळं व्यवस्थित, फक्त हृदय परत सुरू करताना जरा वेळ लागला, मिनिटभर आम्ही सगळे नुसते वाट बघत उभे होतो, मग आपलं आपण सुरू झालं. मी विचारलं, "किती वाजता?" त्याला नवल वाटलं. म्हणाला, पावणेअकराच्या सुमारास.

एक मिनिट. मी तिला थांबवलं होतं तेवढंच.

तर ही अशी गोष्ट. हे आता ठणठणीत आहेत, बघतेस ना तू, जिना चढतात, माझ्याशी भांडतात, साखर चोरून खातात. वर्ष कसं आनंदात गेलं. मी रोज सकाळी कुंकू लावते तेव्हा विजूचं नाव घेते. मला तिची भीती वाटत नाही. आठवण येते. अजूनही इंडियन स्टोअरमध्ये चांगला हिंग दिसला की वाटतं, दोन घ्यावेत, एक विजूला. चौथ्या मजल्यावरचं ते दार आठवतं, झारा हातात घेऊन उभी असलेली ती. असं माहेर मला परदेशात दुसरं कुणी दिलं नाही, आणि मी तिला काय दिलं!

मग उद्याची काळजी कशाची, असं म्हणशील. सांगते.

पाडव्यापासून एक सुरू झालंय. हे त्या खुर्चीत बसतात ना टीव्हीसमोर, पाय पसरून. बसल्या बसल्या मधेच दोन्ही गुडघे एका बाजूला घेतात. जरा वेळानं परत सरळ. पहिल्यांदा मला वाटलं, पाय आखडला असेल. मग दुसऱ्या दिवशी तेच. मी विचारलं, "काय हो, दुखतंय का?" तर म्हणाले, "नाही गं, वाट दिली." "कुणाला?" तर माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मीच वेडी. म्हणाले, "तू आत्ता इकडून गेलीस ना?" मी स्वयंपाकघरात होते, साक्षी. इथेच, ओट्याशी.

मी त्यांना गेल्या वर्षीच्या त्या दिवशीचं काही सांगितलेलं नाही. विजूला वगळलं त्या दिवशीचंही नाही. हळदीकुंकवाला पुरुष कुठे असतात? विजूनं गुडघे बाजूला घेतलेले फक्त मी पाहिले होते.

आणि "जागा धरून ठेवते" म्हणाली ना ती... कुणासाठी, ते मी विचारलं नाही. ओळीत माझ्यासाठी? का बळवंतरावांच्या शेजारी कुणासाठी? म्हणून मी उद्या सगळ्यांच्या आधी जाणार. नवी कोयरी आणलीय, स्टीलची, साधी. आधी मी तिला लावणार. आणि तिनं बोट पुढे केलं, "चालेल?" म्हणाली, की तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणणार. यंदा एक श्वाससुद्धा धरायचा नाही. रोज सकाळी आरशासमोर तेवढंच घोकतेय मी, हो, हो, लाव. जमेल ना गं मला? एवढं साधं आहे, जमायला हवं.

चल, सकाळी भिजवलेली ती डाळ उपस आता. फोडणी सकाळी ताजीच द्यायची...

थांब. तो स्टोव्ह तू चालू केलास का? नाही ना? बंदच आहे. मग हा वास... हिंगाची डबी तर मी अजून काढलीसुद्धा नाही...

साक्षी. तू आत्ता गुडघे बाजूला का घेतलेस गं?